लोकगीतकार

नाना समोरून येताना दिसले की आमच्या श्रूसबरीतली मराठी माणसं आधी त्यांच्या उजव्या हाताकडे बघतात. हात कोटाच्या आतल्या खिशाकडे वळला तर चष्मा निघणार. चष्मा निघाला की काखेतली वही उघडणार. आणि वही उघडली की ज्याने त्याने आहे तिथे थांबायचं, मग तो इंडियन ग्रोसरीतला कढीपत्त्याचा फ्रीज असो नाहीतर कुणाच्या बारशातली जेवणाची रांग.

"दोनच मिनिटं," नाना म्हणतात. "नवीन लोकगीत आहे. कालच लिहिलंय."

या वाक्यात काही खटकण्यासारखं आहे, असं त्यांना आजतागायत वाटलेलं नाही.

स्वरचितवाली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. चारोळीवाले सकाळी सहाला फुलाच्या फोटोवर चारोळी चिकटवून पाठवतात. अंगठा दाखवला की त्यांचं भागतं. गझलवाल्यांना 'वा' लागते, तीही नेमक्या जागी, पण ती एकदा दिली की तेही पुढच्या माणसाकडे सरकतात. पदरमोड करून संग्रह काढणारे तर सगळ्यात निरुपद्रवी, कारण प्रती त्यांच्याच गाडीच्या डिकीत असतात आणि डिकी उघडायला त्यांनाच संकोच वाटतो. नानांची गोष्ट वेगळी. त्यांना दाद नको असते. तुम्ही गायला हवं असतं. लोकांनी म्हटलं तरच ते लोकगीत, हा त्यांचा सिद्धांत, आणि लोक म्हणजे त्या क्षणी जवळपास जो कोणी असेल तो. माझ्या नवऱ्याने कॉस्टकोत टायरच्या विभागाजवळ, खांद्यावर तांदळाची गोणी घेऊन, 'बाई बाई गं' असं ध्रुवपद धरलेलं आहे. तो स्वभावाने भिडस्त आहे. नाना अशा माणसांना लांबूनच ओळखतात.

मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सिगामंड तळ्याच्या एका काठाला वुस्टर आणि दुसऱ्या काठाला आम्ही. नानांनी नोकरीची सगळी वर्षं इथून केंब्रिजच्या केंडल स्क्वेअरला जाऊन-येऊन काढली. औषधांच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते. मूळचे नारायण पेठेतले. बोलण्यात अजूनही "तसं नाहीये ते" हे वाक्य श्वासासारखं येतं. काकू कराडच्या. त्या फारसं बोलत नाहीत, आणि नाना असताना तशी जागाही सापडत नाही.

आता त्या वहीबद्दल. ती कवितेची वही नाही, प्रयोगशाळेची आहे. औषध कंपन्यांत संशोधकांना जाड बांधणीची, पानांवर आकडे छापलेली वही देत. रोजचं काम शाईने लिहायचं, पान फाडायचं नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून शेजारी सही करायची. आणि पानाच्या तळाशी दुसऱ्या कुणीतरी 'वाचले व समजले' अशा अर्थाची सही तारखेसकट करायची. उद्या पेटंटचं भांडण कोर्टात गेलं तर शोध कुणी कधी लावला त्याचा हा पुरावा. नाना निवृत्त झाले तरी ही सवय निवृत्त झाली नाही. तशीच वही त्यांनी दुकानातून विकत आणली आणि लोकगीतं तिच्यात लिहायला घेतली. प्रत्येक खर्ड्याखाली त्यांची सही, त्याखाली साक्षीदार म्हणून काकूंची. काकू फोडणी देता देता डाव्या हातात पेन घेऊन सही करतात. काही पानांवर हळदीचा अंगठाही उमटलेला आहे. नाना तोही पुराव्यात धरतात.

या सगळ्याला सुरुवात झाली ती न्यू हॅम्पशरच्या कँकामागस रस्त्यावर. लिंकन आणि कॉनवे या गावांमधला हा चौतीस-पस्तीस मैलांचा घाटरस्ता. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तिथली झाडं अशी काही पेटतात की अर्धं न्यू इंग्लंड गाड्या काढून तिकडे धावतं, आणि मग रंग बघण्यापेक्षा पुढच्या गाडीचे लाल दिवे बघण्यातच जास्त वेळ जातो. नाना निवृत्त झाले त्या वर्षी मुलाने त्यांना लाँग वीकेंडला तिथे नेलं. त्या आधीची सगळी वर्षं त्यांना पानगळ म्हणजे परसातलं काम एवढंच माहीत होतं. त्यांच्या स्वतःच्या आवारात ओक आहेत. ओकची पानं तांबडी-तपकिरी होतात आणि सोडता सोडत नाहीत, काही तर बर्फ पडेपर्यंत फांदीला चिकटून असतात. मेपल आहे तो शेजारच्या म्हाताऱ्याचा. त्याची पानं मात्र नानांच्या अंगणात पडतात. ती दाताळ्याने ओढायची, कागदाच्या उंच तपकिरी पिशव्यांत दाबायची, पिशव्या रस्त्याच्या कडेला लावायच्या, हे सगळं नाना करत आले. म्हणून मेपल या झाडाबद्दल त्यांचं मत तोवर चांगलं नव्हतं.

कँकामागसवर गाडी अडली. मुलगा सांगतो, बाबा मागच्या सीटवर बसून तासभर पानं रंग का बदलतात ते समजावून सांगत होते. सांगत काय होते, ते खरंच ऐकण्यासारखं आहे. दिवस लहान होऊ लागले की पान हिरवं द्रव्य तयार करणं थांबवतं, आणि असलेलं विरत जातं. मग पिवळा आणि केशरी रंग दिसतो. तो नवा नसतो, उन्हाळाभर पानात असतोच, हिरव्याखाली झाकलेला. लाल मात्र नवा. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर वाढू लागतो आणि फांदीकडची वाट हळूहळू बंद होते. पानात तयार झालेली साखर पानातच अडकते आणि तिच्यातून लाल रंग बनतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण हिमकण पडू नयेत इतकाच, असं चाललं की लाल सगळ्यात गडद चढतो. शेवटी तो थर पूर्ण होतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की पान सुटतं.

एवढं झाल्यावर, मुलगा म्हणतो, बाबा अचानक गप्प झाले. तसं कधी होत नाही, म्हणून त्याने घाबरून आरशातून मागे बघितलं. नाना गाडीचं दार उघडून रस्त्यावर उतरले होते आणि एका लालभडक मेपलखाली उभे राहून भोंडल्याच्या चालीवर काहीतरी पुटपुटत होते.

त्या रात्री मोटेलमधून मला फोन आला. तेव्हा मी मंडळाची सांस्कृतिक सचिव होते, म्हणजे सार्वजनिक मालमत्ता.

"तुला एक सांगतो," नाना म्हणाले, "आपल्याकडे लाल पान कधी दिसतं? फाल्गुनात, चैत्रात. कुसुंबाची पालवी लाल, पिंपळाची पालवी तांबूस गुलाबी. म्हणजे आपल्याकडे लाल पान हे नुकतं जन्माला आलेलं पान. आणि इथे लाल पान म्हणजे निघालेलं पान! कळतंय का तुला?"

मला कळलं होतं. मी तसं म्हणालेही. तीच चूक झाली असं माझा नवरा म्हणतो, पण मला तसं वाटत नाही. नानांचं हे निरीक्षण चांगलं होतं, आणि चांगल्या निरीक्षणाने माणूस कसा वाया जातो ते मला जवळून बघायला मिळालं.

पहिला खर्डा भीषण होता. नानांना लोकगीत हवं होतं, पण त्यात शास्त्रीय चूक चालणार नव्हती. 'दिवस झाला लहान गं, रात्र झाली थोर, हरितद्रव्य विरले गं, कॅरोटिनॉइड समोर' ही त्यातली सगळ्यात सुसह्य ओळ. लाल रंगाच्या द्रव्याला अँथोसायनिन म्हणतात. ते भोंडल्याच्या फेरात बसवायला नानांनी अख्खा ऑक्टोबर घातला. 'अँथोसायनिन गं बाई अँथोसायनिन' असं म्हणत ते फुटपाथवरून चालायचे आणि समोरून येणारी कुत्री थांबून बघायची. मी एकदा सुचवलं की नाना, जात्यावरच्या बायकांनी रसायनांची नावं घातली नव्हती. ते म्हणाले, "त्यांना माहीत नव्हती म्हणून. असती तर घातली असती." याला उत्तर नाही.

गाणं सुटलं ते काकूंमुळे. हे मी ऐकीव सांगत नाही, मी तिथे होते. नानांच्या स्वयंपाकघरात बसून मी कार्यक्रमाचं पत्रक तपासत होते, नाना ओट्याला टेकून तो देठाचा थर, ती अडकलेली साखर आणि तो लाल रंग नव्याने समजावून सांगत होते आणि काकू वाटली डाळ परतत होत्या. कढईतून मान वर न करता त्या म्हणाल्या, "म्हणजे सासूने साखर कुलपात घातली म्हणा की. मग तिने त्याच साखरेचं कुंकू केलं नि माहेरची वाट धरली." आणि मला विचारलं, "मीठ बघतेस का जरा?"

नाना वहीकडे धावले. त्या दिवशीचं पान मी पाहिलं आहे. खाली साक्षीदार म्हणून काकूंचीच सही आहे.

गाणं शेवटी झालं ते असं:

मेपलच्या गं पानूबाई, कुठं गं निघाली?
हिरवं लुगडं सोडून गं, लाल कशी ल्याली?
बाई बाई गं, पान निघालं माहेरा!

पिवळं होतं आईचं गं, पोटाशी जपलेलं,
लाल माझं माझं गं, उन्हात रंगलेलं.
बाई बाई गं, पान निघालं माहेरा!

सासूबाईंनी देठापाशी भिंत घातली,
साखर माझी माझ्याच घरी कोंडून ठेवली,
त्या साखरेचं कुंकू केलं, कपाळी लावलं,
बाई बाई गं, पान निघालं माहेरा!

खरं सांगायचं तर मला हे आवडलं. सासरच्या फांदीवरून माहेरच्या मातीत, आणि एकही शास्त्रीय चूक नाही! पण आवडलं असं नानांना सांगायची सोय नव्हती, कारण ते लगेच चाल बदलून पुन्हा म्हणत. चाली तीन होत्या. एक भोंडल्याची, एक ओवीची, आणि एक नाना अमेरिकन म्हणत पण कुठल्याही अमेरिकनाला ओळखू आली नव्हती.

मग प्रसार. आधी ध्वनिमुद्रण झालं, परसात, फोनवर, पानांच्या नैसर्गिक सळसळीसह. प्रत्यक्षात शेजाऱ्याने त्याच वेळी पानं उडवायचं यंत्र चालू केलं होतं, त्यामुळे सबंध गाण्यात मागे घूं असा एकच स्वर लागलेला आहे. आमच्या एका जाणकार मित्राने तो तानपुरा समजून, सूर किंचित वर लागलाय, असा अभिप्राय दिला. ही फीत नातेवाईक, कॉलेजचे मित्र, जुन्या कंपनीतले सहकारी, दातांचे डॉक्टर आणि मुलाच्या घराचा दलाल या सगळ्यांना गेली. सोबत निवेदन. निवेदन गाण्यापेक्षा मोठं. त्यात हार्वर्डचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड येत. बोस्टनच्याच या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या 305 लोकगाथा, जमतील तेवढ्या पाठभेदांसह, गोळा करून छापल्या. "आणि बहुतेकींचा कर्ता अज्ञात!" नाना हळहळत. त्या अज्ञातांपैकी एकानेही बांधलेली वही आणि साक्षीदार ठेवला नाही याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

कुणीतरी त्यांना सांगितलं की कॉफीहाऊसमध्ये 'ओपन माइक' असतो, कुणीही जाऊन गावं. नाना गेले. आम्हीही गेलो, काकूंना सोबत म्हणून. गिटारी घेतलेली तरुण मुलं, लोकरी टोप्या, अंधारात कॉफीचे कप. प्रत्येकाला दहा मिनिटं. त्यातली आठ नानांनी हस्त नक्षत्र, पाटावरचा हत्ती, त्याभोवतीचा फेर, पुण्यात भोंडला, साताऱ्या-कराडकडे हादगा, विदर्भ-खानदेशात भुलाबाई, खिरापत म्हणजे काय आणि ती ओळखायची कशी, यात घालवली. खिरापतीला प्रश्नही आले. उरलेल्या वेळात गाणं. आणि एक सांगायला हवं, लोक गायले. ध्रुवपद सोपं होतं. 'बाई बाई' त्यांना 'बाय बाय' ऐकू आलं, पान निघालंय हे नानांनी सांगितलेलंच होतं, त्यामुळे त्यांना ते अगदी पटलं. सगळं कॉफीहाऊस हात हलवून पानाला निरोप देत 'बाय बाय गा' म्हणत होतं. काकू हसून हसून डोळे पुसत होत्या. नाना माइकवरून सांगत होते, "नो, नो, बाई! इट इज अ लेडी!"

टाळ्या पडल्या. नानांना वाटलं, गाणं बिघडवलं.

इथे त्यांच्या स्वभावातली ग्यानबाची मेख आहे. गाणं लोकांचं व्हावं असं त्यांना मनापासून वाटतं. फक्त लोकांनी त्याला हात लावू नये. लोकसाहित्य कसं तोंडातोंडी वाहतं, घाटावर एक आणि कोकणात दुसरंच कसं होतं, यावर ते सुंदर बोलतात. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' त्यांनी किती वेळा वाचलंय देव जाणे. हेमा राईरकर आणि गी पॉईतवँ यांनी गावोगाव फिरून लाखाच्या वर ओव्या जमवल्या हे सांगताना त्यांचा आवाज जड होतो. आणि लगेच पुढे, "पण त्यांनी गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलंय. मग माझं नाव का नको?"

हा प्रश्न आला आमच्या भोंडल्याच्या वेळी. आमचा भोंडला नवरात्रातल्या शनिवारी शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेऊन होतो. मधल्या टेबलावर पाट, पाटावर प्रिंटरवर छापलेला हत्ती. रंगीत शाई संपल्यामुळे तो दोन वर्षं निळा आहे. तिकडे नैर्ऋत्य मान्सून परतायची ती वेळ, पण खिडकीबाहेर मेपल लाल झालेले असतात. नवरात्र आणि पानगळ एकाच सुमाराला येतात. नानांचा मुद्दा असा की तिकडच्या बायकांनी दारातल्या कारल्याच्या वेलावर गाणी केली, मग आपण दारातल्या झाडावर का करू नये? मुद्दा बिनतोड होता, म्हणून समितीने गाणं घेतलं. अट एकच, फेर चालू असताना नानांनी निवेदन करायचं नाही.

शाळेत दाणे-काजूला बंदी, त्यामुळे खिरापती ओळखायला फार सोप्या झाल्या आहेत. डबा हलवला, आवाज आला नाही की वाटली डाळ; खडखडलं की साखरफुटाणे. मुली कंटाळल्या होत्या. नानांचं गाणं लागलं आणि 'बाय बाय गं' म्हणत (मुलींनीही तेच ऐकलं) पहिल्यांदा त्या हत्तीभोवती मनापासून नाचल्या. एकीने निळ्या हत्तीलाही बाय केलं. मराठी शाळेच्या बाईंनी गाणं तिथल्या तिथे फोनवर टिपून घेतलं आणि रविवारी वर्गासाठी छापलं. वर शीर्षक होतं, 'भोंडल्याचे गाणे'. खाली काही नव्हतं.

नानांनी बाईंना पत्र लिहिलं. इमेल नव्हे, पत्र. कवीचे नाव, रचनेचा दिनांक, तीन दुरुस्त्या. 'बाई' चे 'बाय' झाले आहे ते कृपया पूर्ववत करावे. बाईंनी नम्रपणे उत्तर दिलं की काका, मुलांना तसंच आवडतं, आणि कागद आता न्यू जर्सीच्या शाळेलाही गेलाय. नाना आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. देसी दुकानातली विक्री त्या आठवड्यात वाढली असावी.

मध्ये एक-दोन पानगळी गेल्या. नानांनी बर्फावर लोकगीत केलं, बर्फ उपसायच्या फावड्यावर केलं, गाडीच्या विम्यावरही एक सुरू केलं होतं. ती सगळी माझ्या नवऱ्याला येतात.

परवाच्या नवरात्रात नाना-काकू मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला गेले होते. मुलीने त्यांना तिथल्या भोंडल्याला नेलं. पुढचं मला दोघांकडून वेगवेगळं कळलं आहे. नाना फोनवर तासभर बोलले, काकू पाऊण मिनिट, आणि मी काकूंवर जास्त विसंबले आहे.

फेर रंगात आला होता, आणि एकदम नानांचं गाणं! नाना खुर्चीतून उठले. मुलींचे हात 'बाय बाय' करत होते. तेही त्यांनी सोसलं. पण सासूबाईंच्या भिंतीनंतर एक नवंच कडवं आलं. 'दीर आला ब्लोअर घेऊन, घूं घूं करत, पानूबाई उडाल्या गं, नाही आल्या परत'. ते कुणी घातलं, कुणालाच माहीत नव्हतं. गाणं संपलं तसे नाना फेरात शिरले आणि म्होरक्या बाईंना म्हणाले, "हे कुणाचं गाणं आहे, कल्पना आहे का आपल्याला?"

त्या हसून म्हणाल्या, "पारंपरिक आहे काका. आमच्या साताऱ्याकडचं."

"साताऱ्याला मेपल?"

"मेपल नंतर कुणीतरी घातलं असेल हो. मूळ पळस असणार. 'पळसाच्या गं पानूबाई'. बघा ना, बसतंय सुद्धा."

बसत होतं. नाना म्हणाले की पळसाचं फूल लाल असतं, पान नव्हे. त्या म्हणाल्या, गाण्यात काय, कुठेही लाल चालतं. आजी म्हणायची ते त्यांना चांगलं आठवत होतं, विशेषतः सासूने साखर कोंडण्याचं. असं बाईमाणसालाच सुचतं, पुरुषाचं कामच नाही ते, असंही त्या म्हणाल्या.

आता मात्र नानांचा तोल गेला. "ते हिचं आहे!" ते ओरडले आणि काकूंकडे बोट दाखवलं. "सासूचं कडवं हिने केलंय, आमच्या स्वयंपाकघरात, डाळ परतताना! तारीख आहे माझ्याकडे. पानाखाली हिची सही आहे!" नानांनी हे यापूर्वी कुठेही, कुठल्याही निवेदनात कबूल केलेलं नव्हतं.

सगळा फेर काकूंकडे वळला. काकूंनी हातातल्या द्रोणातली खिरापत संपवली.

"छे हो," त्या म्हणाल्या. "मी कुठली करतेय? आमच्या कराडला माझी आई असंच म्हणायची."

"अगं, पण सही? वाचले व समजले म्हणून!"

"सही केली हो. वाचलं कुठे होतं?"

साताऱ्याच्या बाईंनी काकूंचे हात धरले. कराड म्हणजे शेजारच. दोघी मग बराच वेळ माहेरचं बोलत बसल्या आणि नाना हत्तीच्या पाटाजवळ उभे होते.

मी काकूंना फोनवर थेट विचारलं, "काकू, खरंच तुमची आई म्हणायची?"

"म्हणत असेलही," काकू म्हणाल्या. "तू पत्रकात या वेळी वेळ चुकीची छापली आहेस बघ."

नानांना मात्र खात्री करून घेतल्याशिवाय राहवेना. त्यांनी त्याच रात्री, म्हणजे तिकडची सकाळ, काकूंच्या थोरल्या भावाला कराडला फोन लावला. मामा आता थकलेत, ऐकायला कमी येतं, पण पाहुण्याला नाही म्हणायची त्यांची पद्धत नाही. नानांनी सबंध गाणं त्यांना म्हणून दाखवलं, भोंडल्याच्या चालीवर.

"म्हणायच्या की," मामा म्हणाले. "हादग्याला हेच म्हणायच्या. पण पळस नव्हता हो त्यात. चिंच होती. आमच्या दारात चिंचच होती ना!"

सध्या नाना चिंचेवर वाचन करताहेत. चिंचेचं पान लाल होऊन गळत नाही, एवढं त्यांनी मला सहीनिशी कळवलं आहे. साक्षीदाराची जागा मोकळी आहे. काकू म्हणतात, आता वाचल्याशिवाय सही करणार नाही, आणि वाचायला चष्मा सापडत नाहीये.